थेंबांना बूच नको

थंडी सुरू झाली की घरोघरी गिझर चालू होतात आणि प्लंबरकडे एक तक्रार हमखास जाते: गिझरखालच्या बारीक नळीतून पाणी ठिबकते आहे. टाइल्सवर डाग पडतात, शेजारच्या कपाटाला ओल येते. मग ती नळी कुठेतरी वळवली जाते. तेही जमले नाही तर तिच्या तोंडाला बूच मारले जाते. ठिबकणे थांबते आणि घरातले निश्चिंत होतात. प्रत्यक्षात त्यांनी गिझरचा शेवटचा राखणदारच कोंडून ठेवलेला असतो.

पाणी तापले की फुगते. १५ लिटरच्या टाकीतले पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ७० अंशांपर्यंत तापले, तर ते सुमारे ३०० मिलिलिटरने वाढते. गरम पाण्याचा नळ बंद असतो आणि गार पाण्याच्या बाजूचा वाल्व्ह पाणी उलटे जाऊ देत नाही. त्यामुळे टाकीतला दाब चढतो. ठरलेली मर्यादा आली, बहुतेक घरगुती गिझरमध्ये ती ८ बारच्या आसपास असते, की सुरक्षा वाल्व्ह उघडतो आणि थोडे पाणी बाहेर सोडतो. म्हणजे पाणी तापत असताना पडणारे थेंब हा बिघाड नव्हे, वाल्व्ह काम करत असल्याची खूण आहे.

ही वाट बंद असताना थर्मोस्टॅट अडकला आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउटही चालला नाही, तर पाणी तापतच राहते. दाबाखालचे पाणी १०० अंशांना उकळत नाही. ८ बार दाबाला ते १७० अंशांवरही द्रवच असते. अशी टाकी फुटली की दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणार्धात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. स्फोट होतो तो याच कारणाने. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी वाल्व्ह कोणी लाखेने बंद करत नाही. गिझरच्या बाबतीत मात्र तेच सहज केले जाते.

थंड देशांत घर उबदार ठेवणाऱ्या बॉयलरलाही अशीच नळी असते. ब्रिटनमध्ये ती सहसा तांब्याची असते, भिंतीतून बाहेर काढून तिचे तोंड भिंतीकडेच वळवलेले असते, म्हणजे उकळते पाणी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या अंगावर उडत नाही.

नळीची जागा गैरसोयीची असेल तर ती जरूर बदलावी, पण पथ्ये पाळून. नळी उष्णता सोसणारी हवी. तिचा उतार सतत खालीच असावा. मध्ये चढ नको, तोटी नको, व्यास कमी करणारा जोड नको. तिचे टोक उघडे, डोळ्यांसमोर आणि अंघोळ करणाऱ्यापासून दूर असावे. ६० अंशांचे पाणी अवघ्या पाचेक सेकंदांत त्वचा गंभीरपणे भाजू शकते; लहान मुले आणि वृद्धांना धोका त्याहून अधिक.

गिझर बंद असतानाही पाणी सतत गळत असेल, तर कारण वेगळे असते. कडक पाण्यातले क्षार वाल्व्हमध्ये साठलेले असतात किंवा पुरवठ्याचाच दाब जास्त असतो. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली सुमारे १ बार दाब वाढतो, म्हणून उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ही अडचण अधिक. तिथे उपाय वाल्व्ह बदलण्याचा किंवा दाब कमी करणारा वाल्व्ह बसवण्याचा आहे, बुचाचा नव्हे.

नव्या इमारतींत गिझरची जागा ठरवतानाच या नळीसाठी निचऱ्याची सोय ठेवली, तर बूच मारण्याची वेळच येणार नाही. वास्तुरचनाकार आणि बिल्डरांसाठी हे काम अवघड नाही. जुन्या घरांत मात्र आज गिझर लावण्याआधी एकदा वर पाहून घ्यावे: नळीचे तोंड उघडे आहे ना?