बिनतारी जाळ्याचा योगक्षेम

रस्त्यावरील दिव्याचें मोल वाटसरूकडून कोणी मागत नाहीं. मग बिनतारी इंटरनेटचें कां मागावें? २०१६ च्या जानेवारींत मुंबई सेंट्रल स्थानकावर गूगल व रेलटेल यांनीं विनामूल्य वायफाय सुरू केलें. पुढें तें चारशेंहून अधिक स्थानकांत पोंचलें. डेटा आतां स्वस्त झाला, असें सांगून २०२० सालीं गूगलनें अंग काढून घेतलें; रेलटेलनें मात्र सेवा चालूं ठेविली.

परंतु घरांत फोन एक आणि शिकणारीं मुलें चार असलीं, तर ही स्वस्ताई कोणाच्या कामाची? आमच्या मोहाडीच्या नगरपंचायतीनें चौकाचौकांत नव्हे, तर एका वाचनकक्षांत, चार संगणकांसह, ही सोय करावी, असें आम्हांस वाटतें. न मिळालेलें मिळविणें तो योग. मिळालेलें राखणें तो क्षेम. उद्घाटनानें योग साधेल. क्षेमासाठीं देखभालीची रक्कम आधीं अंदाजपत्रकांत मांडावी, फीत मग कापावी.