वेगाचा मोह आणि हप्त्यांचे गणित

महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे जगाच्या नकाशावर आलेले खोडद मुळात शेतकऱ्यांचे गाव. जवळच्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला भाव आला की अशा गावांत नव्या मोटारीची भाषा सुरू होते. तरुणांना मोह असतो तो लहान पण वेगवान मोटारीचा. २०२१ साली आलेली ह्युंदाईची आय-२० एन लाइन की २०२४ ची टाटांची अल्ट्रोझ रेसर, असा वाद मग अटळ ठरतो.

वस्तुतः या वादात तथ्य थोडेच. दोन्हींची ताकद सुमारे १२० अश्वशक्ती, दोन्हींना तीनच सिलिंडर, लांबीही चार मीटरच्या आत. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो लाभही उभयतांना सारखाच.

खरा प्रश्न निराळा आहे. जुलै २०२३ मध्ये कडाडलेले टोमॅटोचे भाव सप्टेंबरपर्यंत कोसळलेही. उत्पन्न असे लहरी. कर्जाचा हप्ता मात्र वर्षानुवर्षे अढळ! माणूस आपला खर्च क्षणिक लाभावर नव्हे, तर दीर्घकालीन उत्पन्नाच्या अंदाजावर बेततो, असे प्रतिपादन मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये केले. हप्त्याने मोटार घेणाऱ्या शेतकऱ्याने तर तसे बेतलेच पाहिजे.

तेजीचा पैसा हाती असताना मोठी रक्कम रोख भरावी, कर्ज अल्प ठेवावे. एक हंगाम बुडाला तरी हप्ता फेडता येत असेल, तर दोहोंपैकी जिच्या दुरुस्तीची सोय जवळ, ती मोटार खुशाल घ्यावी. तसे नसेल, तर दोन्हींचा मोह आवरणे हेच शहाणपण.