फॉर्म भरण्याआधी

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटला दारं दोन. १९४९ च्या बोल्डर परिषदेनं संशोधक-उपचारकाची पीएच.डी. ठरवली, १९७३ च्या वेल परिषदेनं उपचारकाच्या साय.डी.ला मान्यता दिली. पीएच.डी.त पुष्कळ ठिकाणी फी माफ, वर विद्यावेतन. साय.डी.त बहुतेकदा डोक्यावर कर्ज. आवड म्हणता म्हणता निवड खिशाचीच होते!

प्रॉस्पेक्टसच्या फोटोंवर भाळू नका. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या कोर्सला खर्च, वर्षं, गळती, इंटर्नशिप, लायसन्स यांचे आकडे जाहीर करावेच लागतात. ते वाचा. आणि विचारा, इथं शिकतं कोण, शिकवतं कोण? काळ्या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःची संघटना उभारून हाच सवाल त्या असोसिएशनपुढं टाकला होता. पदवी कुणाच्या कामी येणार ते ठरवा, मगच फॉर्म भरा.