मुक्त प्रणाली आणि विकतचे सॉफ्टवेअर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली आणि कित्येक महाविद्यालयांतील धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. विंडोज ११ त्यांच्यावर रीतसर चालत नाही आणि नव्या यंत्रांसाठी पैसा नाही. अशा यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली विनामूल्य बसविता येते, हे आमच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. परंतु तसा विषय निघाला की एकच प्रश्न पुढे येतो : ज्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या बळावर मुलांना उद्या नोकरी मिळवायची आहे, ते तीवर चालेल काय? उत्तर बहुधा नकारार्थी येते आणि विषय तेथेच मिटतो.

हा नकार परवान्यामुळे येतो, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या काही सोवळ्या पुरस्कर्त्यांना विकतच्या मालाचा विटाळ होतो, हे खरे. पण लिनक्सच्या गाभ्याच्या सेवा नेहमीच्या रीतीने वापरणारे प्रोग्रॅम त्याच्या परवान्याने बांधले जात नाहीत, हे लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या परवान्यासोबतच लिहून ठेवले आहे. ओरॅकलने आपले डेटाबेसचे सॉफ्टवेअर १९९८ सालीच लिनक्सवर आणले. तो काही धर्मादाय नव्हता. सर्व्हरच्या बाजारात गिऱ्हाईक होते. कचेरीतल्या टेबलावर ते नव्हते.

कंपन्यांचे म्हणणे असे की, गिऱ्हाईक थोडे आणि लिनक्सचे अवतार अनेक; प्रत्येकावर चाचणी घेण्याचा व तक्रारी निवारण्याचा खर्च कोणी सोसावा? हे म्हणणे अगदीच निराधार नाही. हा स्थिर खर्च आहे. शंभर प्रती खपोत वा लाख, तो टळत नाही. संगणकावरील खेळ लिनक्सवर आणणारी लोकी ही कंपनी १९९८ साली निघाली आणि २००२ च्या आरंभी बंद पडली. कॅनडाच्या कॉरेलने २००० साली आपले वर्डपरफेक्ट ऑफिस लिनक्सवर आणले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीत साडेतेरा कोटी डॉलर गुंतविले आणि पुढे कॉरेलने लिनक्सचा नाद सोडला. या दोन घटनांचा परस्परसंबंध वाचकांनी आपापल्या परीने लावावा.

मग हे कोडे सुटते कसे? त्याचे उत्तर खेळांच्याच बाजारात मिळाले, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. वॉल्व्ह ही अमेरिकन कंपनी आपल्या स्टीम या दुकानातून खेळ विकते. २०१२ साली विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान मांडले, तेव्हा दुसऱ्याच्या जागेत गाळा असलेल्या वॉल्व्हला धोक्याची जाणीव झाली. २०१३ साली तिने स्टीम लिनक्सवर आणले. तरीही खेळ बनविणारे फारसे हलेनात. तेव्हा २०१८ साली तिने वाईन या जुन्या मुक्त प्रकल्पाच्या पायावर प्रोटॉन उभे केले. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ त्यामुळे लिनक्सवर चालू लागले. प्रत्येक निर्मात्याची मनधरणी करण्याची गरजच उरली नाही. प्रोटॉनचा बहुतेक भाग मुक्तच आहे. २०२२ साली वॉल्व्हने लिनक्सवर चालणारे स्टीम डेक हे यंत्र विकावयास काढले. सर्वांच्या उपयोगाची वस्तू एका व्यापाऱ्याने स्वार्थापोटी स्वखर्चाने घडविली, ती अशी.

आपल्याकडे असा स्वार्थ कोणाचा आहे? माझ्या मते तो सर्वांत मोठ्या खरेदीदाराचा, म्हणजे शासनाचा आणि विद्यापीठांचा आहे. केरळने आपल्या शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेऊन दाखविले आहे. मात्र शाळेनंतर तो मुलगा ज्या पेढीत जातो, तेथे विकतचेच सॉफ्टवेअर असते. म्हणून आग्रह फुकट मालाचा नको. किंमत मोजू, परंतु ते लिनक्सवर चालले पाहिजे आणि बिघडले तर कंपनीने लक्ष घातले पाहिजे, अशी एक अट निविदेत घालण्यास कोणता कायदा आड येतो? एका महाविद्यालयाने ती घातली तर कंपनी हसेल. राज्यातील विद्यापीठांनी एकत्र येऊन घातली, तर तिला स्थिर खर्चाचे गणित पुन्हा मांडावे लागेल.