न पाठवलेली फ्रेम

स्पर्धेची तारीख उलटली की पुढच्या रविवारी आम्ही सहा-सात जण काकांच्या औषधाच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. सगळे हौशी. काका केमिस्ट, बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बाकीचे माझ्यासारखे नोकरी सांभाळून कॅमेरा बाळगणारे. पाठवलेल्या फोटोंविषयी त्या दिवशी बोलायचं नाही. आणायचे ते न पाठवलेले. प्रत्येकी दोन, पाच बाय सातचे प्रिंट, मागे नाव नाही.

ज्यांनी सलॉनला, म्हणजे फोटोस्पर्धेला, फोटो पाठवलेत त्यांना हे लगेच कळेल. एका विभागात चारच फोटो पाठवता येतात. पुण्याहून सासवडपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चाललेला माणूस संध्याकाळी हजारभर फ्रेम घेऊन परततो. त्यातले चार निवडायचे. परीक्षकांपुढे शेकडो, कधी हजारो फोटो असतात, त्यामुळे आपल्या फोटोच्या वाट्याला काही सेकंद येतात. यात त्यांचा दोष नाही. पण तेवढ्या सेकंदांत पोचेल असाच फोटो आपण निवडू लागतो. दिवे घाटातलं ते वळण, रिंगणात धावणारा अश्व, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली माउली, सुरकुतलेल्या चेहऱ्याचा ब्लॅक अँड व्हाइट. हे फोटो मलाही आवडतात, मी ते काढते आणि पाठवतेही. मात्र उरलेल्या हजारांत काय राहिलं, हे परीक्षकांना कधी कळत नाही, आणि बहुतेक वेळा आपल्यालाही कळत नाही.

खोलीतले नियम बाईंनी घालून दिलेत. प्रिंट टेबलावर ठेवल्यावर एक मिनिट कुणी बोलायचं नाही. मग काय दिसतंय तेवढंच सांगायचं, चांगलं-वाईट नंतर. ज्याचा फोटो त्यानं शेवटपर्यंत गप्प बसायचं. काकांनी काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कापून ठेवलेत. ते प्रिंटवर सरकवत क्रॉप कुठं बसतो ते बघायचं. फोटो उलटा धरूनही बघतो. उलटा केला की त्यातली माणसं माणसं राहत नाहीत, नुसते गडद-फिके आकार उरतात आणि फ्रेमचं वजन कुठं कललंय ते ध्यानात येतं. सगळ्यात शेवटी एकच प्रश्न: का नाही पाठवलास?

खरं सांगायचं तर बहुतेक फोटो मागे राहिलेलेच बरे असतात. हायलाइट उडालेल्या असतात, माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला असतो, किंवा घोट्यापाशी पाय कापलेले असतात. विद्यार्थ्यानं एकदा जेजुरीच्या सोमवतीचा फोटो आणला होता. फ्रेमभर भंडारा, फोकस कशावरच नाही. दोघांनी त्याला ‘चित्रासारखा’ म्हटलं. काका म्हणाले, “चित्रासारखा नाही, चुकलेला आहे. तुला काय काढायचं होतं ते सांग.” त्याला सांगता आलं नाही. फोटो नाकारला गेला की त्यात काहीतरी खोल असणारच, हा भ्रमही या खोलीत चालत नाही, आणि ते मला आवडतं.

पण भिगवणचा तो फोटो आठवतो. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि तिथले मच्छीमार होडीतून आपल्याला त्यांच्याजवळ नेतात. आमच्यातल्या एकानं काढलेल्या फ्रेममध्ये मागे रोहितांची गुलाबी रेघ होती आणि पुढे होडीवाल्याची वल्ह्यावरची मूठ. निसर्ग विभागात माणूस किंवा माणसानं केलेली वस्तू सहसा चालत नाही. प्रवास विभागात पक्षी फारच लांब पडतात. कुठल्याच रकान्यात बसेना म्हणून त्यानं तो ठेवून दिला. आम्ही मात्र त्या मुठीवर वीस मिनिटं बोललो. पक्षी उडू नयेत म्हणून वल्हं पाण्यात किती हळू घातलंय, ते त्या मनगटात दिसत होतं.

परवाच्या बैठकीत माझा फोटो टेबलावर आला. सासवडला कऱ्हेच्या काठी सकाळी काढलेला. दोन वारकरी बायकांनी हिरवं लुगडं दोन टोकांना धरलंय, वाऱ्यानं त्याला पोट सुटलंय, मागून ऊन आल्यामुळे सगळं कापड पेटल्यासारखं दिसतंय. दोघींचे चेहरे अर्धे झाकलेले. ही फ्रेम मला मनापासून आवडली होती. पाठवली नाही, कारण लुगड्याच्या खालच्या काठाखाली दोन पाय येत होते. ते कापावेत तर काठही कापला जातो. ठेवावेत तर नजर तिकडेच जाते.

मिनिटभर शांतता झाली. विद्यार्थी म्हणाला, उजेड सुंदर आहे. काकांनी पुठ्ठा खालून वर सरकवला, पाय झाकले, मग मान हलवून पुठ्ठा काढून घेतला. बाई बराच वेळ बघत होत्या.

“हे लुगडं वाळवत नाहीयेत गं,” त्या म्हणाल्या. “आडोसा धरलाय. मागे कुणीतरी कपडे बदलतंय.”

मी तीन आठवडे तो फोटो स्क्रीनवर मोठा करून बघत होते. पायांना मी अडथळा म्हणत होते. ते कुणाचे, तिथं का आहेत, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

बाईंनी आधीच्या-नंतरच्या फ्रेम मागितल्या. लॅपटॉप उघडला. एकूण ११ होत्या. पहिल्या फ्रेममध्ये लुगडं दोघींच्या खांद्याइतकं आहे आणि त्या एकमेकींशी बोलताहेत. चौथ्यात एक जण सरळ माझ्याकडे बघतेय. सहाव्यात कापड हनुवटीच्या वर गेलंय. मी निवडलेली फ्रेम नववी. चेहरे अर्धे झाकल्यामुळे ज्यात ‘गूढ’ आलं असं मला वाटलं होतं, तिथं त्यांनी हात वर ताणून धरले होते, कारण समोर मी उभी होते.

मी बाई आहे, त्यामुळे मला चालतं, असं मी गृहीत धरलं होतं. विचारलं नव्हतं. विद्यार्थ्याचं म्हणणं पडलं की मग हा फोटो पाठवायलाच हवा. वारीत पंधरा-वीस दिवस चालणाऱ्या बायकांनी अंघोळ करायची कुठं, हे एका फ्रेममध्ये कळतं. काका म्हणाले, कळतं, पण त्यांनी धरलेल्या आडोशावरच आपण बक्षीस मागणार का? दोघंही मनापासून बोलत होते आणि मला दोघांचंही पटत होतं.

मला अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग आठवली. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमोजवळ तिनं एका शेतमजूर आईचा तो प्रसिद्ध फोटो काढला. एकाच दिशेनं जवळ जवळ सरकत फ्रेम घेतल्याचं तिनंच पुढे लिहिलंय. आपल्या ओळखीचा आहे तो अगदी जवळचा. लांबून घेतलेल्या, तंबूसकटच्या फ्रेमही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांत ती बाई प्रतीक नाही, पोरांना घेऊन फाटक्या कापडाखाली बसलेली एक बाई आहे. लँगनं तिचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, ४२ वर्षांनी. मी सासवडच्या त्या तिघींपैकी एकीचंही नाव विचारलेलं नाही. त्या कुठल्या दिंडीतल्या, तेही मला माहीत नाही.

फोटो मी पाठवणार नाही, पुढच्या वर्षीही नाही. पुसलेलाही नाही. पहिल्या फ्रेमचा, खांद्याइतक्या लुगड्याचा, एक प्रिंट बाईंनी मागून घेतला.

आमचा एक नियम मात्र त्या दिवशी बदलला. आता न पाठवलेल्या फोटोबरोबर त्याच्या आजूबाजूच्या सगळ्या फ्रेम आणायच्या, लागलेल्या आणि फसलेल्या, काढल्या त्याच क्रमानं. या रविवारी विद्यार्थ्याची पाळी आहे. जेजुरीच्या त्या सकाळचं अख्खं कार्ड घेऊन येतो म्हणालाय.