शंभर मुलांची अट

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत विजयदुर्ग आहे. तटाबुरुजांना मिळालेला हा मान योग्यच होय. परंतु विजयदुर्गाचे सामर्थ्य केवळ चिऱ्यांत नव्हते. वाघोटनच्या खाडीत, गिर्ये येथे कातळ खोदून केलेल्या गोदीच्या खुणा आजही दिसतात. १७५६ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला तेव्हा आंग्र्यांचे आरमार येथेच जळाले. ते ज्यांनी बांधले, त्या सुतार-लोहारांची नावे इतिहासाने नोंदली नाहीत.

त्या हातांच्या विद्येला आजच्या शाळेत जागा कोठे आहे? कोकणात कलाशिक्षणाची एक शाळा अद्याप टिकून आहे, पण ती शासनाची नव्हे. गणपती घडविणाऱ्याच्या पडवीला येथील लोक ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. दप्तर टाकून तेथे रेंगाळणारे मूल माती मळणे, अवयवांचे प्रमाण, डोळ्यांची रेखणी पाहत पाहत शिकते. चतुर्थी झाली की ती शाळा मिटते; आणि सरकारी शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे राहिलेले गणित उरकण्याची सोय!

हा दोष शिक्षकाचा नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण यांचे अंशकालीन निदेशक देऊ केले, परंतु पटसंख्या शंभरावर असेल तरच. डोंगर-खाड्यांनी तुटलेल्या आणि मुंबईच्या वाटेने ओसरणाऱ्या कोकणातील वाड्यांत शंभर मुले आणावयाची कोठून? ज्या मुलाला शाळेबाहेर चित्रकलेचा वर्ग मिळणे अशक्य, नेमके त्यालाच कायद्याने वगळले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे धाडण्याचे सुचविले. दहा दिवसांत रंधा हाताळता येईल, चालविता येणार नाही.

येथे एक धोका ओळखला पाहिजे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी निम्मा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली. सुताराचे पोर सुतारच राहील, हा तिचा अर्थ पेरियारांनी अचूक हेरला आणि १९५४ मध्ये कामराजांनी ती रद्द केली. हस्तोद्योगाच्या गोडव्याआड जात लपून येते, ती अशी. म्हणून पिंगुळीच्या ठाकरांची चामड्याची बाहुली ठाकरांच्याच मुलांनी कापावी असे नव्हे. ती भटजींच्या मुलानेही कापावी, आणि सुताराच्या मुलीने पटाशी चालवावी. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली; आता त्या कलेला शाळेच्या वेळापत्रकात तास मिळाला पाहिजे.

हे स्वप्नरंजन नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाचा विचार मांडला. पुढे तो सूतकताईच्या तासात आक्रसला, हे खरे. परंतु १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम काढला. वेल्डिंग, विजेची जोडणी, शेती यांतून विज्ञान शिकविता येते हे त्यांनी ग्रामीण मुलांकडूनच दाखवून दिले. विजयदुर्गला होडीची दुरुस्ती, जाळ्याची वीण हीच प्रयोगशाळा होऊ शकते. जाळ्याच्या आसात भूमिती आहे. होडी तरते त्यात पदार्थविज्ञान.

मागणी नेमकी हवी. शंभरची अट एका शाळेला न लावता केंद्रातील सर्व शाळांच्या एकत्रित पटाला लावावी आणि निदेशक त्या शाळांतून फिरता ठेवावा. पदविका नसलेल्या मेस्त्रीला वा मूर्तिकारालाही तेथे नेमता यावे, आणि मानधन दरमहा, वेळेवर मिळावे. सत्काराचा नारळ म्हणजे वेतन नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार कायद्याने तिलाच दिला आहे. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या समित्यांच्या पुढील बैठकीत बसावे आणि निदेशकाची मागणी ठरावासह त्या आराखड्यात लिहून घ्यावी.