टाळ

मागच्या महिन्यात मूळच्या नगरकडच्या एका ख्रिस्ती मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. ताटं वाढली, आम्ही घास तोंडात घातलाही, आणि आजींनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. अन्नाबद्दल, पिकवणाऱ्यांबद्दल, आलेल्या पाहुण्यांबद्दल देवाचे आभार. घास गालात तसाच! मग अभंग झाला. चाल थेट आपल्या भजनाची, शब्द रेव्हरंड टिळकांचे. शाळेत ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून भेटलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंग काही त्यांनी सोडला नाही. १९१७ साली तर मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

हे कुटुंब आपल्या गणपतीत दरवर्षी पंगत वाढायला उभं असतं. त्यांच्या नाताळला मात्र आम्ही एकदाही गेलो नव्हतो, आणि बोलावणं नव्हतं असंही नाही.

निघताना आजी म्हणाल्या, “रविवारी भजन असतं. टाळ धरायला माणूस नाही. याल का हो?”

टाळ घरी आहेत. गणपतीच्या खोक्यात, अगदी तळाशी. शनिवारी काढून पुसून ठेवले.